बारा सेंटिमीटर हवा

दादाचं मशीन बंद पडलं ते पोळ्याच्या आदल्या रात्री. आधी शिट्टीसारखा आवाज, मग जळक्या रबराचा वास, मग काहीच नाही. वहिनींचा मला नांदेडला फोन आला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. ‘भाऊजी, ह्यांचं मशीन गेलं. आणि हे म्हणतात, एक रात्र बिनमशीनचं झोपलं तर माणूस काय मरत नाही.’ मागून दादाचा आवाज आला, ‘सांग त्याला, सकाळी बघू म्हणून.’

सकाळची गाडी धरून लोहा, अहमदपूर, चाकूर करत मी लातूरला पोचलो. दादाचे डोळे तांबारलेले, डोकं जड. वहिनी रात्रभर जाग्या. अकरा वर्षांनी त्यांनी पुन्हा तो जुना क्रम मोजला होता. घोरणं, मग एकदम गप्प, वीस-पंचवीस सेकंद छाती नुसतीच वरखाली, मग बुडणारा माणूस पाण्यावर यावा तसा आचका, कूस बदलणं, आणि पुन्हा घोरणं.

या गप्प होण्याचं नाव स्लीप अ‍ॅप्निया. घोरणं ही आपल्याकडे गाढ झोपेची पावती समजतात. एसटीत शेजारचा घोरायला लागला की लोक हसतात, पण ‘दमलाय बिचारा’ म्हणून झोपू देतात. घोरणारा माणूस अरुंद वाटेने हवा ओढत असतो, आणि घोरणं मधेच थांबलं तर ती वाटच मिटलेली असते. मऊ टाळू, पडजीभ, जिभेचं मूळ या भागाला हाडाचा आधार नाही. जागेपणी स्नायू त्याला ताणून धरतात, झोपेत ते सैल पडतात. शेती असलेल्या वाचकाला हे समजवायला एकच शब्द पुरतो : लपेटा पाईप. मोटार चालू असते तोवर तो टम्म गोल, लाईट गेली की शेतात चपटा पडलेला. घशाची ती वाट तशीच आहे. वाट मिटली की रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकतो, स्नायू ताणले जातात, वाट उघडते. सकाळी माणसाला यातलं काही आठवत नाही. त्याला एवढंच कळतं की आठ तास झोपूनही झोप झाली नाही.

तपासणीत हे आचके मोजतात. श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला तर तो एक धरायचा, हवा बरीच कमी झाली आणि ऑक्सिजन उतरला तर तोही धरायचा. तासाला किती झाले, तो आकडा म्हणजे एएचआय. पाचाच्या आत असेल तर चिंता नाही. १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्याच्या वर तीव्र. २०१३ साली दादाला हैदराबादला नेलं होतं, अंगभर तारा लावून एक रात्र दवाखान्यात झोपवलं होतं, तेव्हा त्याचा आकडा आला ४२. म्हणजे दर दीड मिनिटाला एकदा. हल्ली छातीला पट्टा, नाकाला नळी आणि बोटाला चाप लावून घरच्या पलंगावरही ही तपासणी होते.

हा शहरातल्या श्रीमंतांचा आजार नाही, हे आता सांगायला नको. तरी मोजमाप झालं ते आधी मुंबईत. हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी केली, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. शंभरातल्या साडेएकोणीस पुरुषांचा झोपेतला श्वास बिघडलेला निघाला. साडेसात जणांना त्याच्या जोडीला दिवसा पेंगण्याचा त्रासही होता. २०२३ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या डॉक्टरांनी देशभरच्या अभ्यासांची गोळाबेरीज केली, तिच्यातून सुमारे १०.४ कोटी भारतीयांचा अंदाज पुढे आला. संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं आणि आठवडाभर सगळ्या वाहिन्या घोरण्यावर बोलत होत्या. नंतर पुन्हा सामसूम.

आता मशीनकडे येतो. सीपॅप म्हणतात त्याला. हे ऑक्सिजन देत नाही, ही पहिली गोष्ट. दादाकडे भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा ‘ऑक्सिजन लावावा लागतो का?’ म्हणून कळवळतो. मशीनमध्ये एक छोटा पंखा आहे. तो खोलीतलीच हवा गाळून, जराशा दाबाने नाकात सोडतो. त्या दाबाने घशाची वाट लपेटा पाईपसारखी फुगून उघडी राहते. बस, एवढंच. औषध नाही, वीज अंगाला लागत नाही, सवयीचं व्यसनही नाही. मशीन काढलं की दादाचा घसा त्याच रात्री जिथल्या तिथे येतो, हे पोळ्याच्या आदल्या रात्री दिसलंच.

ही युक्ती ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांची. त्यांच्याआधी तीव्र रुग्णासाठी खात्रीचा इलाज एकच होता, गळ्याला भोक पाडून नळी बसवणं. १९८० साली एक रुग्ण त्याला तयार होईना, तेव्हा सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरसारखा पंखा उलटा जोडला आणि हवा ओढण्याऐवजी नाकात ढकलली. पाच रुग्णांचा अनुभव १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्यात लागलेला दाब होता साडेचार ते दहा सेंटिमीटर. सुरुवातीच्या रुग्णांचे मास्क रोज रात्री नाकाला चिकटवावे लागत आणि खोलीत पंख्याची घरघर चाले. तरी त्यांनी ते वापरलं, कारण किती वर्षांनी त्यांना सकाळ झाल्यासारखी वाटली असेल.

सेंटिमीटर? दाब आणि सेंटिमीटरचा काय संबंध, असं मीही विचारलं होतं. त्याचं उत्तर स्वयंपाकघरात मिळतं. उंच तांब्यात पट्टीने मोजून बारा सेंटिमीटर पाणी भरा. त्यात स्ट्रॉ तळापर्यंत बुडवा आणि हळूहळू फुंका. स्ट्रॉच्या खालच्या तोंडातून पहिला बुडबुडा सुटायला जेवढा जोर लागला, तो बारा सेंटिमीटर पाण्याचा दाब. आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या सव्वा टक्काही तो भरत नाही. पण हीच फुंकर रात्रभर, प्रत्येक श्वासाला, मिळत राहिली पाहिजे. कुणाला सहा पुरते, कुणाला सोळा लागते. मशीन साधारण ४ ते २० पर्यंत जातं. आपल्याला किती लागतं, तो आकडा म्हणजेच या आजाराचं प्रिस्क्रिप्शन. बाकीचं सगळं प्लास्टिक.

हे वाक्य मी आज लिहितोय. पोळ्याच्या दिवशी मला ते माहीत नव्हतं, आणि तिथेच आमचं चुकलं.

जुनं मशीन दुरुस्तीला पाठवण्यात अर्थ नव्हता. काही मशीनमध्ये मोटारीचं आयुष्य सुमारे २०,००० तासांचं धरलेलं असतं आणि ते ओलांडलं की पडद्यावर तशी सूचना येते. अमेरिकेतली सरकारी विमा योजना पाच वर्षांनी नवं मशीन मंजूर करते. दादाचे रोज साडेसहा तास धरले तरी अकरा वर्षांत २६,००० तास झाले होते. मोटारसायकलचं इंजिन आपण एवढ्या दिवसांत दोनदा उतरवतो. म्हणून नवं घ्यायचं ठरलं. साधं मशीन तीस हजारांच्या आसपास मिळतं, चांगलं ऑटो मशीन सत्तर-ऐंशी हजारांपर्यंत जातं. आरोग्य विम्यात घरी वापरायचं असं यंत्र बहुतेक वेळा बसत नाही. पॉलिसीतली ‘न मिळणाऱ्या वस्तूंची’ यादी आधी वाचावी.

विक्रेत्याचा माणूस तिसऱ्या दिवशी घरी आला. मशीन देखणं होतं, डब्याएवढं लहान, रंगीत पडदा. ‘ऑटो आहे काका, तुम्हाला काहीच करायचं नाही. ते स्वतःच शिकतं.’ त्याने नाव, वय भरलं, मास्क बसवून दिला, चहा घेतला आणि गेला. जुन्या मशीनचा आकडा त्याने विचारला नाही, आम्ही सांगितला नाही. हैदराबादची फाईल घर बदलताना कुठे गेली, ते वहिनींनाही आठवत नव्हतं.

त्या रात्री दोन वाजता दादाने मास्क काढून उशाशी ठेवला. ‘दम कोंडायलाय. हवाच येत नाही ह्यातून.’ नव्या मशीनमधून हवा येत नाही, हे मला पटेना. मी स्वतः लावून बघितलं तर मला छान वाटलं. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. तिसऱ्या रात्री दादाने निकाल देऊन टाकला : ‘जुनंच बरं होतं.’

कारण साधं होतं. मशीन कारखान्यातून आलं तसंच, ४ ते २० या मोकळ्या पट्ट्यावर चालू होतं. म्हणजे सुरुवात चारावर. अकरा वर्षं बाराची फुंकर घेऊन झोपलेल्या माणसाला चार म्हणजे नाकावर हात ठेवल्यासारखं. त्यातून प्रत्येक मास्कला बारीक भोकं असतात, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड बाहेर निघून जावा म्हणून. दाब अगदी कमी असला की त्यातून वाहणारी हवाही कमी होते आणि कोंडल्यासारखं वाटतं. पुढचं जास्त महत्त्वाचं. ऑटो मशीन अंदाज बांधत नाही, घडलेलं बघून दाब वाढवतं. चारावरून बारापर्यंत चढायला त्याला वेळ लागतो, तोवर घसा चार-सहा वेळा मिटून गेलेला असतो, आणि माणूस जागा होऊन मास्क काढतो. मास्क काढला की शिकणं संपलं.

आकडा सापडला तो अनपेक्षित जागी. जुन्या मशीनची काळी पिशवी माळ्यावर टाकायला म्हणून वहिनींनी रिकामी केली, तर आतल्या झाकणावर हैदराबादच्या टेक्निशियनने मार्करने लिहून ठेवलेलं होतं : १२, रॅम्प २०. रॅम्प म्हणजे झोप लागेपर्यंत दाब हळूहळू चढवणं, इथे वीस मिनिटांत. मी त्याचा फोटो काढला आणि छातीच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी पट्टा ९ ते १४ करून दिला. पंधरा दिवसांनी नोंदी बघितल्या. रात्रीच्या ९५ टक्के वेळेत दाब ११.४ च्या आतच राहिला होता, आणि उरलेला एएचआय होता २.८. बेचाळिसावरून पावणेतीनाच्या आसपास.

या नोंदी हाच नव्या मशीनचा मोठा फायदा, रंगीत पडदा नव्हे. जुनं मशीन मुकं होतं. ते बाराची हवा सोडायचं आणि समोर घसा उघडला की नाही, मास्क गळतोय की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. नवं मशीन हवेची लाट बघत असतं. मोकळ्या श्वासाची लाट गोल माथ्याची येते. वाट अरुंद व्हायला लागली की माथा चपटा होतो, घोरण्याची थरथर त्यात उमटते. तेवढ्यावरून ते दाब वाढवतं, बराच वेळ सगळं सुरळीत असलं की हळूच उतरवतं. श्वास थांबलाच तर काही मशीन हवेची बारीक स्पंदनं आत सोडून बघतात की वाट मिटली आहे, की वाट उघडी असून मेंदूकडूनच श्वासाचा हुकूम आलेला नाही. दुसऱ्या प्रकारात दाब वाढवून उपयोग नसतो. अशा रुग्णाला, किंवा हृदय कमजोर असलेल्याला, फुप्फुसाचा जुना आजार असलेल्याला, ऑटो मशीन दुकानातून उचलून आणू नये. त्यांचं गणित वेगळं आहे आणि ते डॉक्टरांनीच मांडायचं.

ऑटोच पाहिजे असंही नाही. अमेरिकेतल्या निद्रारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन्ही प्रकार सारखेच चालतील म्हटलं आहे. ज्याचा आकडा नीट ठरलेला आहे आणि ज्याला त्याची सवय आहे, त्याने नवं मशीनही तेवढ्याच स्थिर दाबावर लावलं तरी काही बिघडत नाही. पण दहा वर्षांत माणसाचं वजन बदलतं, नाक बदलतं, रात्रीच्या गोळ्या बदलतात. जुना आकडा अजून खरा आहे का, हे बघायला पंधरा दिवस ऑटोवर ठेवणं हा सोयीचा मार्ग. दादाचा निघाला जवळपास तोच. त्याच्या एका मित्राचं वजन अठरा किलोने उतरलं होतं, त्याचा तेरावरून आठावर आला.

मास्कबद्दल मात्र मी पक्का आहे. पैसे मशीनवर कमी आणि मास्कवर जास्त खर्च करा. मशीन पलंगाखालच्या स्टुलावर बसतं, मास्क चेहऱ्यावर. नाकावर बसणारा, नाकपुड्यांना टेकणारा, नाक-तोंड दोन्ही झाकणारा, असे तीन मुख्य प्रकार. तोंड उघडं ठेवून झोपणाऱ्याला पहिल्या दोनमधली हवा तोंडावाटे निसटते. दादाच्या भरघोस मिशीने पूर्ण मास्कची कड कधीच नीट बसू दिली नाही. नांदेडला, सचखंड गुरुद्वाराच्या गावात, तर दाढीचा प्रश्न घरोघरी. अशांना नाकपुड्यांना टेकणारा प्रकार बरा पडतो, कारण तो केसांवर टेकतच नाही. काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाची बटणं असतात. घरात कुणाला पेसमेकर असेल, अगदी शेजारी झोपणाऱ्यालाही, तर असा मास्क घेऊ नये. ते चुंबक शरीरातल्या यंत्रापासून किमान १५ सेंटिमीटर लांब राहिलं पाहिजे, असा इशारा कंपन्यांनीच २०२२-२३ मध्ये दिला आहे.

पाण्याची गोष्ट लातूरकराला वेगळी सांगावी लागत नाही. मशीनला एक छोटी टाकी असते, ह्युमिडिफायर. त्यातलं पाणी तापून हवा ओलसर होते, नाक कोरडं पडत नाही. एका रात्रीला पेलाभर-दोन पेले पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली, त्या उन्हाळ्यात दादा टाकी कोरडीच ठेवून झोपायचा. ‘प्यायला नाही आणि नाकाला कुठून देऊ?’ एरवी तो बोअरचं पाणी भरायचा. नव्या मशीनची टाकी लावताना मी जुनी टाकी खिडकीशी धरून बघितली. तळाच्या धातूवर हिमासारखा पांढरा थर होता, नखाने खरवडला तरी निघेना. आपल्याकडच्या पाण्यातला क्षार. त्याखालची तापणारी पट्टी जास्त वेळ तापत राहते, आणि टाकीत वास धरतो तो वेगळाच. डिस्टिल्ड वॉटर मेडिकलमध्ये मिळतं, तेच घालावं. पाणी उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाही. टाकी रोज सकाळी ओतून, साध्या साबणाने धुऊन, सावलीत पालथी घालावी. थर धरायला लागला तर एक भाग व्हिनेगर आणि दहा भाग पाणी यात भिजवावी. पावसाळ्यात दमट हवेत टाकीची गरजच नसते बऱ्याच लोकांना. हिवाळ्यात उलटा त्रास होतो. कोमट ओली हवा थंड नळीत शिरली की थेंब जमतात आणि पहाटे नाकात पाणी गुळगुळतं. नव्या मशीनला तापणारी नळी मिळते ती यासाठीच. नसेल तर नळी चादरीखालून घेतली तरी काम होतं.

धूळ हा आमच्याकडचा दुसरा शत्रू. फिल्टरचा तो पोस्टाच्या तिकिटाएवढा पांढरा तुकडा माहितीपुस्तिकेनुसार सहा महिने चालायला हवा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत दादाचा तीन आठवड्यांत राखेच्या रंगाचा झाला. फिल्टर स्वस्त आहे, तो धुऊन पुन्हा लावायचा नसतो. आणि उन्हाळा. बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस दिलेली असते. मे महिन्यात नांदेडच्या स्लॅबच्या घरात रात्री दहाला खोलीच तेवढी तापलेली असते. मशीन खोलीतली हवा आणखी थोडी तापवूनच पुढे पाठवतं, म्हणून त्याला भिंतीच्या कोनाड्यात कोंबू नये, पलंगाच्या गादीवर ठेवू नये, आणि खोली आधी कूलरने थंड करावी. फक्त कूलरचा झोत थेट मशीनच्या पाठीवर नको, ओल आणि धूळ दोन्ही आत जाते.

लाईट जाणं तर आहेच. नव्या मशीनचे अ‍ॅडॉप्टर ६५ ते ९० वॅटचे असतात, पण टाकी आणि नळी तापवणं बंद केलं की प्रत्यक्षात वीज फार कमी लागते. घरच्या १५० एएचच्या इन्व्हर्टर बॅटरीवर पंखा लावूनही रात्र निघते. फक्त इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे का, ते विचारून घ्या. जुन्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर दादाचं आधीचं मशीन भुणभुणायचं.

जुनी मशीन बदलायची आणखी एक वेळ २०२१ साली आली होती. फिलिप्स रेस्पिरॉनिक्स कंपनीने जूनमध्ये जगभरातली आपली लाखो सीपॅप, बायपॅप आणि व्हेंटिलेटर परत बोलावली. आवाज दाबण्यासाठी आत बसवलेला पॉलियुरेथेनचा फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासाच्या नळीत जाण्याचा धोका होता. ओझोनने मशीन साफ करणाऱ्यांकडे हे जास्त होऊ शकतं आणि उष्ण-दमट हवाही त्याला हातभार लावते, असं कंपनीने सांगितलं. एप्रिल २०२१ च्या अखेरीआधी बनलेल्या ‘ड्रीमस्टेशन’ आणि त्याआधीच्या अनेक मॉडेलांचा त्यात समावेश होता. ‘ड्रीमस्टेशन २’ मध्ये तो फोम नव्हता. पुढे २०२४ मध्ये अमेरिकेत कंपनीने १.१ अब्ज डॉलरची भरपाई कबूल केली. दादाचं मशीन त्या यादीतलं नव्हतं. पण कुणाच्या घरी त्या काळातलं असेल तर मागचा क्रमांक कंपनीकडे तपासून घ्यावा. आणि कुठल्याही मशीनला ओझोनचा डबा लावू नये. साबण-पाणी पुरतं.

जुन्या मशीनचा विषय निघालाच आहे तर कोरोनातल्या बायपॅपचाही काढतो. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये लोकांनी उसनवारी करून आणलेली बायपॅप मशीन अजून कित्येक कपाटांत आहेत आणि ‘तुमच्याकडे आहे की, तेच लावा’ असा सल्ला मोफत मिळतो. बायपॅप आत घेताना एक आणि सोडताना दुसरा असे दोन दाब देतं. घोरणाऱ्याला ते सरसकट लागत नाही, आणि लागलं तर दोन्ही आकडे ठरवावे लागतात. दुसऱ्याचं मशीन घेणारच असाल तर आतलं तासांचं मीटर बघा, मास्क, नळी, फिल्टर नवे घ्या. अमेरिकेतल्या भाच्याने बॅगेतून आणलेलं मशीन इथल्या विजेवर चालतं सहसा, पण त्याची वॉरंटी इथे चालेल असं धरून चालू नका.

विक्रेते एक गोष्ट रंगवून सांगतात, की मशीन लावलं म्हणजे हार्ट अटॅक टळला. ते इतकं सरळ नाही. ‘सेव्ह’ नावाच्या मोठ्या चाचणीत आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले २,७१७ रुग्ण होते, भारतातलेही. तिचे निष्कर्ष २०१६ साली आले. मशीन दिलेल्या गटात झटके कमी झाले नाहीत. दिवसाची पेंग कमी झाली, मन ठिकाणावर आलं, कामावरच्या रजा घटल्या. मात्र त्या गटाचा वापर रात्रीला सरासरी ३.३ तासच होता. अर्धी रात्र मास्क उशाशी ठेवून पुऱ्या रात्रीचा हिशेब मागता येत नाही. दादाचे आता सव्वासहा तास भरतात. दुपारी पेपर वाचताना डुलकी लागत नाही, आणि अहमदपूरच्या शेतापर्यंत गाडी तोच चालवतो.

तुमच्या घरात असं जुनं मशीन असेल तर ते चालू असतानाच पडद्यावरचा दाबाचा आकडा बघा, रॅम्प किती ते बघा, मास्कचं नाव आणि माप बघा. कागदावर लिहा, त्याचा फोटो दोघांच्या फोनमध्ये ठेवा आणि मार्करने पिशवीच्या आतल्या झाकणावरही लिहून ठेवा. मशीन बंद पडलं की पडदाही बंद पडतो.